झाकणावरचा ठसा

सोलकर सर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या बोटांकडे बघायचे. तुम्ही दारात उभे राहून हसत "काय सर, कसे आहात" म्हणावं, तर ह्या गृहस्थाची नजर तुमच्या उजव्या हातावर. नवीन माणूस गोंधळायचा, हात खिशात घालायचा. मग सर म्हणायचे, "घातलात ना खिशात? काहीतरी असणार."

त्यांच्या पत्नी रझियाभाभी ही गोष्ट फार रंगवून सांगायच्या. "साखरपुड्यात अंगठी घालताना ह्यांनी माझं बोट खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. मला वाटलं, काय हौशी नवरा मिळाला! नंतर कळलं, माझ्या बोटावर शंख आहे की चक्र ते बघत होते."

"काय निघालं?" मी विचारायचो. हे मी दर वेळी विचारायचो, कारण पुढचं वाक्य ऐकायची मला चटकच लागली होती.

"शंख," सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचे. "दहाच्या दहा. वाजतोय अजून."

आखातातल्या एका देशात पोलिसांच्या रसायनशाळेत बरीच वर्षं काढून सर अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीला परत आले आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहू लागले. आखातातून परत आलेली माणसं आम्हाला नवीन नव्हती. कुणी अत्तर आणायचा, कुणी मोठा टेपरेकॉर्डर, कुणी दोन्ही घेऊन वर घराला हिरवा रंग द्यायचा. सरांनी आणल्या तपकिरी बाटल्या. पेटीभर. त्या उतरवताना हमालाला "सांभाळून रे बाबा, फुटली तर तू पण जाशील" असं इतक्या मायेनं सांगितलं की तो हमाल मजुरी न घेताच पळाला. कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायला लागले. मी तेव्हा न्यायालयात लघुलेखक होतो. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्यानं टिपून घ्यायचं हे माझं काम. त्यामुळे संध्याकाळी सरांच्या पायरीवर बसून तोंडाची टाकी रिकामी करणं मला भागच होतं.

त्यांच्या वर्गातला पहिला दिवस गावात प्रसिद्ध होता. मुलं यायच्या आधी सर दाराच्या कडीला कोरडी हळद चोळून ठेवायचे, ती पण इतकी पुसट की दिसू नये. तास संपताना सगळ्यांना चुन्याच्या निवळीत बोटं बुडवायला लावायचे. हळदीला चुना लागला की लाल रंग येतो, हे कुंकू करणाऱ्यांना ठाऊक असतं. पण वर्गात भलतंच व्हायचं. कडीला हात लावला असायचा एकदोघांनी, आणि लाल व्हायची अर्ध्या वर्गाची बोटं. कुणी कुणाचं पेन घेतलेलं, कुणी कुणाला टाळी दिलेली.

"तू कडीला हात लावलास?" सर एखाद्या मुलीला विचारायचे.

"नाही सर. शप्पत."

"मग बोट लाल कसं?"

ती रडकुंडीला यायची. मग सर सगळ्या वर्गाला सांगायचे, "ती खरं बोलतेय आणि तिचं बोटही खरं बोलतंय. खोटं कोण बोलणार होतं? मी. मी म्हणणार होतो, बघा चोर सापडला!" आणि पुढे त्यांचं ठरलेलं वाक्य: "आधी कोऱ्याला विचारा." म्हणजे जिथे काही नसायला हवं, अशी एक कोरी जागा आधी तपासा. तिथेही रंग आला तर दोष तुमच्या हातात, तुमच्या भांड्यात, तुमच्या डोक्यात. हे वाक्य त्यांच्या मुलांना इतकं पाठ होतं की ती कॉलेजबाहेर एकमेकांना प्रेमप्रकरणांतसुद्धा तोच सल्ला द्यायची.

आंब्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या इमारतीत जिन्याखाली सगळ्यांनी मिळून आढी घातली होती आणि रोज त्यातला हापूस गायब होत होता. आरडाओरडा, संशय, दोन कुटुंबांचं बोलणं बंद. सरांनी आढीवर पसरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलून नेला, काचेच्या पेटीत आयोडीनच्या वाफेवर धरला, आणि कागदावर तपकिरी अंगठा उमटला. मधोमध विळीवर कापल्याची आडवी खूण. असा अंगठा इमारतीत एकच, आमच्या चिटणीस पाटणकरांचा. मी टाळ्याच पिटणार होतो. सर म्हणाले, "गप्प." तो ठसा थोड्या वेळानं आपोआप विरून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणकरांच्या दाराशी एक पिकलेला आंबा होता, त्याच कागदात गुंडाळलेला. बस्स. आढी पुन्हा कधी हलली नाही, आणि पाटणकर मरेपर्यंत सरांसमोर मुठी वळून उभे राहायचे.

इथवर सगळी मौज आहे. आता मौज कमी होत जाणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षांत गावात गर्द आला होता. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, खाली काडी, वर तपकिरी भुकटी, आणि धूर ओढायला गुंडाळलेली नोट. चांगल्या घरातली पोरं खाडीच्या बाजूला, उलट्या घातलेल्या होड्यांच्या आडोशाला बसायची. सरांच्या वर्गात निलेश नावाचा मुलगा होता. सरांच्या बाटल्यांना हात लावायची परवानगी असलेला तो एकटाच. तो अशाच एका होडीखाली मेलेला सापडला. सर त्याच्या घरी जाऊन आले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "रोज माझ्यासमोर हात पुढे करायचा. बघितलं होतं मी बोट. मला वाटलं, बर्नरला भाजलंय."

त्यानंतर सरांचं हसणं पातळ झालं. ते एकाच गोष्टीच्या मागे लागले: बोटाला गर्द लागला असेल तर ठशात तो राहतो, आणि ठशातून तो काढून दाखवता येतो. ठशाच्या रेघांमधला कण अन् कण कापसाच्या बारीक वातीनं टिपायचा, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवायचा, त्यावर आम्लाचा आणि फॉर्मेलिनचा थेंब टाकायचा. गर्द असेल तर थेंब जांभळा होतो. मग लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर द्रावणाबरोबर तो किती वर चढतो ते बघून खात्री करायची. "ठसा सांगतो माणूस कोण," सर म्हणायचे, "आणि हा थेंब सांगतो, तो काय करून आलाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला मास्तर सोडून दुसरं कुणीतरी ऐकू आलं.

आणि तेव्हाच दत्ताराम सापडला.

दत्ताराम गुरव, देवरूखकडचा, मिरजोळ्याच्या नाक्यावर रिक्षा लावायचा. त्याच्या रिक्षात मागच्या सीटच्या पाठीमागे प्लास्टिकच्या पिशवीत गर्दाच्या पुड्या मिळाल्या. पिशवीवर त्याचा ठसा नव्हता. तो एकच सांगत होता, "कोणी ठेवलंन ते मना काय ठाव! दिवसभर माणसं बसतात नि उतरतात." ते पटण्यासारखं होतं. पण पुढच्या सीटखाली त्याचा जेवणाचा स्टीलचा डबा होता. झाकणावर त्याच्या बोटांचे स्वच्छ ठसे. पोलिसांतल्या एका साहेबाला सरांचा शोध ऐकून माहीत होता. डबा सरांकडे आला. सरांनी झाकणावरच्या ठशाला वात लावली, थेंब टाकला. जांभळा.

सरांनी लिहून दिलं: ह्या ठशात गर्द आहे.

एवढ्यावर दत्ताराम आत गेला. कायदा असा कडक की जामिनाचं नाव नाही, आणि गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षं ठरलेली. इथल्या तुरुंगात जागा नाही म्हणून त्याला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. तारखेला आणायचे. त्याची बायको सुनंदा प्रत्येक तारखेला पहिल्या एस्टीनं येऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात बसायची. मांडीवर भाकरीचं फडकं. नवऱ्याला द्यायला पोलीस परवानगी देत नसत, तरी आणायची. एकदा साक्षीचं विचारायला सर तिथे आले होते, तर ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुमीच काय ते जांभळ्या रंगाचे सर?"

सर म्हणाले, "हो."

"मंग माझ्या हाताचा पण बघा की. डबा मी घासते. मी भरते."

सरांनी तिच्या हातांकडे बघितलं आणि ते निघून गेले. संध्याकाळी पायरीवर मी म्हटलं, "बाई धीट आहे." सर म्हणाले, "बरोबर विचारलंन तिनं."

त्यांच्या मनात तेव्हाच काहीतरी कुरतडायला लागलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात ते डब्यावरचे ठसे उठवणाऱ्या मोरे हवालदारांना भेटायला गेले. मोरे हे पिढीजात असावेत तसे ठसेवाले. त्यांचा ब्रश खारीच्या केसांचा होता आणि त्याच्यावर त्यांचा बायकोपेक्षा जीव होता. काळी पूड त्यावर घ्यायची, हलक्या हातानं फिरवायची, ठसा उठून येतो. काय बोलणं झालं ते मोऱ्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

"ब्रश छान आहे," सर म्हणाले.

"जुना आहे सर. नवा ब्रश रेघा मोडतो. जुना कसा, लोण्यासारखा."

"धुता कधी?"

"धुता?" मोरे हसले. "सर, तुमचं शिक्षण मोठं, पण हे बघा, ब्रश धुतला की मेला. केस चिकटतात. कुठलाही ठसेवाला ब्रश धुवत नाही. झटकायचा फक्त."

"त्या दिवशी रिक्षात आधी काय मारलंत? डबा की पुड्यांची पिशवी?"

"पिशवी की. आधी महत्त्वाचा माल."

"तोच ब्रश?"

"तोच. दुसरा आहे कुठे?"

मोरे म्हणाले, "सर खाली बसले हो. स्टुलावर. मला वाटलं, ह्यांना चक्कर आली. मी पाणी दिलं, तर प्याले नाहीत. म्हणाले, मोरे, मी कोऱ्याला विचारलंच नाही."

डब्याच्या झाकणावर ठसा नसलेली जागा भरपूर होती. तिथे एक वात फिरवली असती, एक थेंब टाकला असता, तर कळलं असतं की गर्द बोटानं आणलेला नसून ब्रशानं पसरवलेला आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला जे पहिल्या दिवशी शिकवलं, ते सरांनी स्वतः केलं नाही. मी त्यांची समजूत घालायला गेलो, "सर, होतं कामाच्या गडबडीत." तर असे भडकले!

"गडबड? गडबड नव्हती. मला तो जांभळा रंग हवा होता. निलेश गेला त्या दिवसापासून मला कुणीतरी हवा होता. मिळाला. मग कोऱ्याला कोण विचारतो?"

रझियाभाभी आतून म्हणाल्या, "आता काय करणार?"

"सांगणार."

"नाव जाईल तुमचं."

"त्याची वर्षं चाललीत," सर म्हणाले.

ते सरकारपक्षाचे साक्षीदार होते. साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी पहिल्याच प्रश्नाला सांगितलं, "मी दिलेलं मत चुकीचं आहे." सरकारी वकिलांचा चेहरा मी टिपून घेऊ शकलो असतो तर पेन्शन सोडलं असतं. त्यांनी तिथल्या तिथे सरांना फितूर ठरवण्याची परवानगी मागितली आणि झोड उठवली.

"ठशात गर्द आहे, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो. गर्द आहेच. तो तिथे बोटानं आला की ब्रशानं, हे मी तपासलं नाही."

"म्हणजे तुम्हाला तुमचं काम येत नाही?"

"येतं. त्या दिवशी केलं नाही."

"कुणी शिकवलं हे आज बोलायला? आरोपीच्या लोकांनी?"

"त्याच्या बायकोनं," सर म्हणाले. कोर्टात खसखस पिकली. सर हसले नाहीत. त्यांनी न्यायाधीशांकडे वळून हात जोडले. "परवानगी असेल तर दाखवतो. मोरे हवालदार ब्रश घेऊन बाहेर बसलेत. इथल्या कुणाचीही एखादी गुळगुळीत वस्तू चालेल. सरकारी वकीलसाहेबांचं चष्म्याचं घर चालेल."

न्यायाधीश कडक होते, पण कुतूहल कुणाला सुटलंय? परवानगी मिळाली. मोरे आले. आपला जीव की प्राण असलेला ब्रश त्यांनी सरकारी वकिलांच्या चष्म्याच्या घरावर फिरवला. वकीलसाहेबांचा अंगठा छान उठून आला. सरांनी वात लावली, फरशीच्या तुकड्यावर ठेवली, थेंब टाकला. सगळं कोर्ट पुढे वाकलं. शिपाईसुद्धा.

जांभळा.

"माझ्या जुन्या मताप्रमाणे," सर म्हणाले, "सरकारी वकीलसाहेब गर्द विकतात."

हशा झाला, न्यायाधीशांनी हातोडा न आपटता नुसतं बघितल्यावर थांबला. मग सरांनी त्याच घरावर जिथे ब्रश फिरला होता पण ठसा नव्हता, तिथे दुसरी वात फिरवली आणि थेंब टाकला. तोही जांभळा. "हे मी त्या दिवशी करायला हवं होतं," असं ते म्हणाले, ते इतक्या हळू की न्यायाधीशांनी मला विचारलं, "घेतलंत का?" मी मान डोलावली. मोरे दाराशी ब्रश हातात घेऊन उभे होते. एखाद्याच्या हातातलं मूल सगळ्यांसमोर खोटारडं ठरावं, तसे.

दत्ताराम सुटला. काही दिवसांनी निकाल लागला आणि तो व्हरांड्यात आला. मी अजूनही ते नाटकातल्या प्रवेशासारखं सांगू शकतो: सुनंदा भाकरीचं फडकं सोडत होती, दत्तारामचा खटला लढवणारी वकीलबाई डोळे पुसत होती, आणि दत्ताराम पुढे येऊन सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला धरून उभं केलं, आणि सवयीनं त्यांची नजर खाली गेली.

अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं टोक काळपट, भाजून कडक झालेलं. काडी चंदेरी कागदाखाली शेवटपर्यंत धरून ठेवणाऱ्याचं बोट. निलेशचं बोट सरांनी एकदा बर्नरला भाजलेलं समजून सोडून दिलं होतं, तसंच.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

दत्तारामनं हात मागे घेतला. "आत सगळेच घेतात, सर. झोप लागत नाय."

सुनंदानं ते ऐकलं. तिनं आरडाओरडा केला नाही. फडक्याची गाठ पुन्हा बांधली आणि सरांना एवढंच म्हणाली, "हा आत गेला तेव्हा सुपारी पण खात नव्हता."

गावात सरांविषयी दोन्ही बाजूंनी बोलायला सुरुवात झाली. काही म्हणाले, गर्दवाल्यांना सोडवणारा मास्तर. काही म्हणाले, गरिबाला आत घालणारा मास्तर. एक गृहस्थ तर दोन्ही एकाच दमात म्हणायचे. सरांनी बाटल्यांची पेटी कॉलेजला देऊन टाकली. पोलिसांनी पुन्हा विचारलं तेव्हा नाही म्हणाले. नंतर मला कळलं, नकार देऊन निघताना मोऱ्यांना स्वस्तातल्या ब्रशांचा गठ्ठा देऊन आले होते, एक वापरायचा आणि टाकायचा.

मात्र दत्तारामला त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी मिरजोळ्याच्या नाक्यावर जाऊन त्याच्याच रिक्षात बसायचे आणि त्यालाच म्हणायचे, "चल." कुठे? कुठेही. भाट्याच्या पुलापर्यंत, परत. तेवढा वेळ तो त्यांच्यासमोर असायचा. कधी तो सापडायचा नाही, तेव्हा सर चपला हातात घेऊन चिखलातून होड्यांच्या बाजूला जायचे. हा माणूस त्या होड्यांकडे निलेश गेल्यापासून बघतसुद्धा नव्हता. दत्ताराम त्यांना शिव्या द्यायचा. घाण शिव्या. रझियाभाभींनी एकदा खिडकीतून ऐकल्या आणि खिडकी लावून घेतली. सर त्याला घरी आणून भात वाढायचे, आणि तो हात न धुता जेवला तरी काही म्हणायचे नाहीत. दोनदा तो सुटला असं वाटलं. दोनदा परत गेला. रिक्षा विकली गेली. सुनंदा पोरांना घेऊन माहेरी गेली, पण अधूनमधून सरांच्या घरी फोन करायची. "हाय ना?" एवढंच विचारायची. सर म्हणायचे, "आहे."

शेवटी सरांनी मिरजेजवळच्या एका व्यसनमुक्तीच्या ठिकाणी जागा मिळवली. तिथे महिनाभर आत राहायचं होतं. दत्ताराम हो म्हणाला. स्वतःहून दाढी करून आला.

मी त्या सुमारास बदली होऊन देवरूखच्या कोर्टात चाललो होतो. सामानाची ट्रंक घेऊन सकाळी एस्टी स्टँडवर गेलो, तर मिरजेच्या गाडीजवळ सर उभे. हातात दत्तारामची कापडी पिशवी. गाडीत दोन सीटवर दोन रुमाल टाकून जागा धरलेली.

"तो कुठाय?" मी विचारलं.

"बिडी आणायला गेलाय."

कंडक्टर आला. "मास्तर, निघायचं का?"

"पाच मिनिटं थांबा. माणूस येतोय."

कंडक्टर भला होता, थांबला. मग आतले लोक ओरडायला लागले. "कुणाच्या बापाची गाडी आहे काय?" "लग्नाची वरात हाय, नवरदेव येतोय!" सर स्टँडच्या दरवाज्याकडे बघत होते. शेवटी कंडक्टरनं रुमाल आणून त्यांच्या हातात दिले, फार हळुवारपणे, आणि घंटी मारली. गाडी गेली.

माझी देवरूखची गाडी चुकली होती, ती मी चुकू दिली. आम्ही स्टँडच्या कँटीनमध्ये बसलो. मी दोनतीन गमती सांगितल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच आवाज नकोसा झाला. दुपारची गाडी लागली तेव्हा मी उठलो.

"सर, तो यायचा नाही आता. चला, रिक्षा करतो, घरी सोडतो तुम्हाला."

"नको. तू जा."

"किती वेळ बसणार?"

"तो परत आला आणि मी नसलो तर?"

मी गाडीत चढलो. गाडी वळताना खिडकीतून कँटीनचं टेबल दिसलं. सरांनी आणखी दोन चहा मागवले होते. एक ते पीत होते. समोरच्या कपावर बशी झाकून ठेवली होती.